शहापूर मुक्कामी लग्न

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत एक नवा शब्द पाहुण्यासारखा आला आणि घरच्यासारखा राहिला आहे. तो शब्द म्हणजे 'डेस्टिनेशन वेडिंग'. मुलगी रावपुऱ्यातली, मुलगा पुण्यातला, आणि लग्न उदयपूरच्या तळ्याकाठी किंवा गोव्याच्या वाळूत. तीन दिवसांचे कार्य, प्रत्येक दिवसाचे वेगळे कपडे, आणि पाहुण्यांच्या हाती रंगीत वेळापत्रक. जुन्या मंडळींना यात काहीतरी अघटित घडते आहे असे वाटते, आणि तरुण मंडळींना आपण काहीतरी नवे शोधून काढले असे वाटते. मला दोघांचेही म्हणणे पटत नाही.

परगावी जाऊन अनेक दिवसांचे लग्न करणे ही आपल्याकडची नवलाई कधीच नव्हती. नवलाई होती ती एका दिवसात, तेही मंगल कार्यालयाच्या घड्याळाबरहुकूम, लग्न उरकण्याची. 'वऱ्हाड' हा शब्दच प्रवासाचा आहे. वऱ्हाड उतरायचे ते 'जानवसघर', म्हणजे मुलीकडच्यांनी गावात आधीच झाडून-सारवून ठेवलेले घर. आणि वऱ्हाड गावात शिरण्याआधी शिवेवर त्याचे स्वागत व्हायचे ते 'सीमांतपूजन'. पुढे शीव मागे राहिली, पूजन कार्यालयाच्या सभागृहात आले, आणि सीमेचा संबंध सुटल्यामुळे लोकांच्या तोंडी 'सीमांत'चे 'श्रीमंत' झाले. जावयाचा मान करायचा तर तो श्रीमंत असलेला बरा, असा सोयीचा अर्थही त्यात सापडला! असो. सांगायचे एवढेच, की ज्या संस्कारात गावाच्या शिवेची पूजा आहे तो संस्कार मुळातच परगावच्या लग्नासाठी घडलेला आहे.

आपल्या बडोद्याला तर हे अधिक ठाऊक असायला हवे. १८८० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला, तेव्हा वधूबरोबर तंजावरचा केवळ जामदारखानाच आला असे नव्हे. तिकडच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदारही आले, आणि दक्षिणेचे ते नृत्य गायकवाडी दरबारात रुजले. पुढे याच राजघराण्यातल्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेला विवाह मोडला आणि १९१३ साली लंडनमध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. त्या समारंभाला आईवडील हजर नव्हते. परगावचे लग्न म्हणजे दर वेळी हौसच असते असे नाही, हे सांगायला एवढा एक दाखला पुरे. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात खेड्यातले अख्खे वऱ्हाड विमानात बसवले आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. पण त्याच लंडनचे एक वऱ्हाड बडोद्याने मुकाट्याने गिळले होते, हे आपण विसरतो.

आणखी एका प्रकारचे परगावचे लग्न होते. त्याची आठवण फारशी अभिमानाची नाही, पण ती चुकवूनही चालणार नाही. बडोदे संस्थानाने १९०४ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. ब्रिटिश मुलखात तसा कायदा यायला पुढे पंचवीस वर्षे लागली. हरविलास शारदा यांच्या नावाने ओळखला जाणारा तो कायदा १९२९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मधल्या सहा महिन्यांत देशभर लहान मुलामुलींची लग्ने उरकण्याची जी घाई उडाली, तिला लग्नसराई म्हणायचे की लूट म्हणायची हे ज्याचे त्याने ठरवावे. कायदा आला तरी तो ब्रिटिश मुलखापुरता होता. म्हणून अनेकांनी जवळच्या संस्थानाच्या हद्दीत जाऊन आपले काम साधले. हद्द ओलांडली की कायदा मागे राहतो, हा हिशेब त्या काळी घरोघर कळत होता.

हद्दीचे हे सारे आठवायला कारण असे, की आमच्या घरातले परवाचे कार्य अशाच एका जुन्या हद्दीवरच्या गावात झाले. शहापूर हे आमचे मूळ गाव. बेळगावला लागूनच आहे, इतके की नवख्याला एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले ते सांगता येणार नाही. पण १९४८ च्या मार्चपर्यंत शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होते आणि बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. खडेबाजारातून निघून कपिलेश्वराच्या दर्शनाला जाणारा माणूस परराज्यात जाऊन येत असे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हा सगळाच भाग म्हैसूर राज्यात गेला, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली बेळगावचे बेळगावी. एवढ्या उलाढालीत गाव मात्र आपल्या जागेवर राहिले. विणकराचे माग आणि सराफाची हातोडी, हे शहापूरचे दोन जुने आवाज. पैकी माग आता विजेवर चालतात. शहापूर-वडगाव-खासबागच्या गल्ल्यांतून जाताना त्यांचा खडखडाट कानावर येतो, आणि तो थांबला की वीज गेली असे समजावे.

माझे वडील शहापूर सोडून गायकवाडी नोकरीसाठी बडोद्याला आले, आणि आम्ही बडोदेकर झालो. शहापूरच्या घरी राहिली ती त्यांची धाकटी बहीण, आमची आत्या. तिने लग्न केले नाही. सारे आयुष्य शाळेत शिकवले. आज ती नव्वदीला आली आहे, आणि घराच्या पायरीवरून जाणारा-येणारा निम्मा गाव तिचा विद्यार्थी आहे. माझ्या पुतण्याच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा मुलीने एकच अट घातली, आत्याआजी लग्नाला हवी. आत्याला बडोद्यापर्यंत आणणे शक्य नव्हते. रेल्वेने नऊशे किलोमीटरहून जास्त अंतर पडते. तेव्हा आत्या लग्नाला येत नसेल तर लग्न आत्याकडे नेऊ, असे ठरले. मुलगा पुण्याचा, त्याच्या घरच्यांनी मोठ्या मनाने रुकार दिला. अशा रीतीने मुलगी बडोद्याची, मुलगा पुण्याचा आणि लग्न शहापूरचे, असे आमचेही 'डेस्टिनेशन वेडिंग' जमले. घरात वडीलधारा आणि सेवानिवृत्त म्हणून चार दिवसांचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले.

मुलीने पुण्याच्या एका नियोजक बाईंना आधीच गाठले होते. त्यांनी पाठवलेले वेळापत्रक माझ्या भ्रमणध्वनीवर आले. शुक्रवारी 'वेलकम', मेंदी व संगीत, शनिवारी सकाळी हळद आणि दुपारी लग्न, संध्याकाळी स्वागतसमारंभ, रविवारी न्याहारी आणि निरोप. काम टापटिपीचे होते, दर अर्ध्या तासाचा हिशेब होता. बाई हुशार आणि कष्टाळू, यात शंका नाही. पण त्या कोष्टकात देवकाला जागा नव्हती. विचारले तर त्या म्हणाल्या, "काका, ती घरची पूजा ना? शुक्रवारी सकाळी करून घ्या आणि रविवारी निघायच्या आधी उठवा. आमच्या वेळापत्रकाला धक्का लागत नाही."

वेळापत्रकाला लागत नव्हता, पंचांगाला लागत होता. ज्यांच्या घरी नजीकच्या काळात कार्य आहे त्यांच्यासाठी हा हिशेब थोडा सविस्तर सांगतो. कारण हल्लीच्या तीन दिवसांच्या लग्नात नेमकी गाठ इथेच बसते, आणि ती कोणी आधी सांगत नाही. देवक बसवले तो पहिला दिवस धरतात. देवक उठवायचे ते सम दिवशी, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, आठव्या. सहावा दिवस मात्र वर्ज्य. विषम दिवसांपैकी पाचवा आणि सातवा चालतो, बाकीचे चालत नाहीत. आता शुक्रवारी बसवलेले देवक रविवारी उठवायचे म्हणजे तिसरा दिवस झाला, आणि नेमका तिसरा चालत नाही. शुक्रवार ते रविवार ही सुट्टीच्या हिशेबाने सोयीची त्रिस्थळी यात्रा देवकाच्या हिशेबात बसतच नाही.

वाटा तीन होत्या. एक, देवक शनिवारी पहाटे बसवून रविवारी उठवायचे. पण मग लग्नाच्याच सकाळी पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध, हळद आणि मुहूर्त यांची एकच गर्दी होते, आणि मुलीच्या आईबापांना पाणी प्यायलाही उसंत मिळत नाही. दोन, शुक्रवारी बसवून सोमवारी, चौथ्या दिवशी उठवायचे. पण मुलीच्या आईवडिलांचे परतीचे आरक्षण रविवार रात्रीचे होते. तीन, गुरुवारीच बसवायचे, म्हणजे रविवार हा चौथा दिवस होतो. यासाठी आम्हा बडोदेकरांना बुधवारी शहापुरात पोचायला हवे होते आणि नोकरदार मंडळींची एकेक रजा वाढत होती. घरात दूरध्वनीवरून दोन-तीन रात्री वाद झाले. माझा पुतण्या वैतागून म्हणाला, "काका, तिसऱ्या दिवशी उठवले तर देव काय रागावणार आहेत?" त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे मी म्हणणार नाही. आजवर किती घरांनी तसे केले असेल आणि त्यांचे संसार सुखाचे झाले असतील.

शेवटी मी आत्याला फोन लावला. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "गुरुवारी बसवा." मी म्हटले, "आत्या, एक दिवस जास्त होतो. रजा आहेत, खर्च आहे." ती म्हणाली, "होऊ दे. देवक बसले की मी मोकळी झाले."

तिच्या त्या बोलण्याचा अर्थ मला कळायला क्षणभर लागला, आणि कळल्यावर मी फोनवर काही बोलू शकलो नाही. नांदीश्राद्ध होऊन देवक बसले, की मग घरात काही बरेवाईट झाले तरी त्या कार्याला अशौचाची आडकाठी येत नाही, अशी शास्त्राची मर्यादा आहे. विवाहात तर हे दहा दिवस आधीपर्यंत करून घेता येते, ते याच धोरणाने. नव्वद वर्षांच्या बाईने तो नियम स्वतःला लावून पाहिला होता. आम्ही सारे तिच्या तब्येतीच्या काळजीत होतो आणि ते तिच्यासमोर कोणी काढत नव्हते. ती मात्र आपल्यामुळे मुलीच्या लग्नाचा खोळंबा होऊ नये म्हणून दिवस मोजत होती. त्या रात्री मी पुतण्याला एवढेच कळवले, की देवक गुरुवारी. कारण सांगितल्यावर त्याने बुधवारचे आरक्षण स्वतःच केले.

मुलाकडच्यांचे देवक पुण्यात, त्यांच्या घरी. त्यांनाही हाच हिशेब लावावा लागला. त्यांचा विचार बुधवारी बसवण्याचा होता. ती मंडळी रविवारी रात्री उशिरा पुण्यात पोचणार, म्हणजे उठवायला सोमवार. बुधवारपासून सोमवार हा सहावा दिवस, आणि तो वर्ज्य. गुरुवारी बसवले तर सोमवार पाचवा होतो आणि चालतो. त्यांच्या गुरुजींनी हे लगेच मान्य केले. दोन्ही घरांची देवके एकाच सकाळी, दोन राज्यांत बसली. माझे म्हणणे इतकेच, की परगावचे लग्न ठरवताना आधी देवकाचे दिवस मोजावेत, मग हॉटेलाच्या खोल्या. उलट केले की गुरुजी, नियोजक आणि घरातल्या आज्या यांच्यात जो तह करावा लागतो तो सालबाईच्या तहाहून अवघड असतो.

मुहूर्ताचेही तसेच. बडोद्याचे पंचांग पाहून शहापूरचा मुहूर्त ठरवू नये. दोन गावांच्या रेखांशांत सव्वा अंशाचा फरक आहे, म्हणजे पाच मिनिटे. शिवाय बडोदे उत्तरेला असल्यामुळे उन्हाळ्यात तिथला दिवस मोठा. वैशाखात बडोद्याचा सूर्य बेळगावपेक्षा सुमारे पंधरा मिनिटे उशिरा मावळतो. गोरज मुहूर्त धरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. नाहीतर इकडच्या गोरजावर तिकडे दिवे लागलेले असतात. आमचा मुहूर्त सकाळचा होता, आणि त्यालाही पावसाचे कारण होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच. हवा छान, पण मे महिन्यात दुपार कलली की पश्चिमेकडून वळीव कधी येईल सांगता येत नाही. म्हणून मोकळ्या आकाशाखालचे सारे सकाळी आणि छपराखालचे सारे संध्याकाळी, असे मी ठरवून टाकले. नियोजक बाईंना संगीताचा कार्यक्रम हिरवळीवर हवा होता. दिव्यांच्या माळा चांगल्या दिसतात म्हणे. शुक्रवारी साडेपाच वाजता असा काही वळीव कोसळला, की दिव्यांच्या माळांऐवजी विजांचीच रोषणाई झाली. कार्यक्रम आत होता. कोणाला काही बोलावे लागले नाही.

जानवसघराची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुण्याची तरुण मंडळी हमरस्त्यालगतच्या हॉटेलात उतरली. पण साठीच्या पुढच्या सगळ्यांना मी शहापुरातच ठेवले, आणि तेही लोकांच्या घरी. आत्याच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या माजघरांतल्या, तळमजल्यावरच्या खोल्या रिकाम्या करून दिल्या. कोरे गल्लीत दोन घरे, सराफ गल्लीत एक. त्यातले एक घर कन्नड बोलणारे. त्या घरच्या बाईंनी आमच्या व्याहीबाईंना पहाटे गरम पाणी आणि कडक चहा दिला, दोघींनी एकमेकींच्या भाषेतले चार-चार शब्द वापरून आपापल्या सुनांबद्दल मनसोक्त बोलून घेतले, आणि निघताना दोघींचे डोळे ओले होते. पाहुण्यांची वाटणी मानाप्रमाणे करू नये, गुडघ्यांप्रमाणे करावी, हे माझे मत. ज्याला जिना चढवत नाही त्याला तळमजला, मग तो नवऱ्याचा मामा असो की आचाऱ्याचा बाप.

प्रवासाचा तपशील थोडक्यात. गुजरातेकडून पुणे-मिरजमार्गे बंगळूरला जाणाऱ्या काही गाड्या बडोदा आणि बेळगाव दोन्ही ठिकाणी थांबतात, पण त्या रोजच्या नाहीत. म्हणून आपला वार आधी पाहून घ्यावा. २०२४ साली सुरू झालेली हुबळी-पुणे वंदे भारतही बेळगावला थांबते, तिचेही चालण्याचे वार पाहूनच पुण्याच्या मंडळींनी तारीख जुळवावी. सांबऱ्याचा विमानतळ जवळ आहे. मोटारीने येणाऱ्यांची वाट कोल्हापूर, मग निपाणी, आणि पुढे बेळगाव. निपाणीला चहाला थांबणे हा या रस्त्यावरचा जुना शिरस्ता; तंबाखूच्या त्या गावात चहाही तलफ भागवील असाच मिळतो. पोचण्याच्या दिवशी मात्र कसलाही कार्यक्रम ठेवू नये. अठरा-वीस तास गाडीत बसून आलेल्या माणसाला ढोल ऐकवणे हे आतिथ्य नव्हे. बुधवारी रात्री आमच्याकडे मुगाची खिचडी, कढी आणि पापड होते, आणि मंडळींना ते मेजवानीहून गोड लागले.

गोडावरून आठवले. बेळगावकडच्या लग्नात मांडे हवेतच. मनात मांडे खाणारे पुष्कळ. ताटात खायचे असतील तर कारागिराला आधी सांगून ठेवावे लागते, आणि ऐन लग्नसराईत तर बरेच आधी. मऊसूत भिजवलेल्या कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत धोतराच्या पोताइतका पातळ करायचा, उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायचा, वरून पिठीसाखर, खसखस, वेलदोडा भुरभुरायचा आणि गरम असतानाच झटक्यात त्याची चौकोनी घडी घालायची. घडीला एका श्वासाचा उशीर झाला तर मांडा मोडला. शुक्रवारी सकाळी अंगणात हे काम चालले होते तेव्हा आमची परदेशातून आलेली दोन मुले हॉटेलात ठेवलेल्या खेळांना न जाता तीन तास तिथेच बसून होती. मांडे टिकतात, प्रवासाला चालतात, म्हणून निरोपाच्या शिदोरीलाही तेच दिले. कुंदा मात्र पुण्याच्या मंडळींनी आपला आपण खरेदी केला, आणि किती केला ते विचारू नये.

लग्नाचे ठिकाण हा वादाचा दुसरा मुद्दा होता. हमरस्त्यालगतची मोठी हिरवळ की शहापुरातले साधे कार्यालय? आत्या एका जागी बसू शकते ती फार तर दोन तास. तिला गाडीत घालून शहराबाहेर नेणे, तिथे बसवणे आणि परत आणणे यातच ते दोन तास गेले असते. म्हणून लग्न घराजवळच्या कार्यालयात आणि संध्याकाळचा स्वागतसमारंभ हॉटेलात, अशी वाटणी केली. आता त्या दोन तासांत काय बसवायचे? छायाचित्रकाराला वधूवरांचे स्वतंत्र चित्रण मुहूर्ताच्या आधी तासभर हवे होते. मी ते सकाळी सातला, आत्या येण्याच्या आधी ठेवले. गौरीहरापासून सप्तपदीपर्यंतचा भाग मात्र आत्याच्या घड्याळावर लावला. ती आली तेव्हा मुलगी पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहराशी बसली होती. ही साडी शहापूरच्या मागावरची. आत्याने ती फार आधी सांगून विणून घेतली होती.

मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या की लग्न लागले असे समजून पाहुणे ताटांकडे वळतात. मी मात्र सगळ्यांना थांबवले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. घड्याळाचा मुहूर्त अंतरपाटाचा असला तरी कायद्याचा मुहूर्त सातव्या पावलाचा आहे. हे गुरुजींनाही ठाऊक असते, पण पंगतीच्या घाईपुढे त्यांचा आवाज चालत नाही. आम्ही पहिली पंगत सप्तपदीनंतरच बसवली. मंडळी अर्धा तास कुरकुरली. आत्या मात्र सातही पावले मोजत होती. तिच्या ओठांवरून मला ते दिसत होते. सातवे झाल्यावर ती म्हणाली, "आता मला घरी न्या," आणि एक तास पन्नास मिनिटांत ती आपल्या खाटेवर होती.

या साऱ्या टिपणात माझ्या मते सगळ्यात कामाची जागा कोणती असेल तर ती रविवार सकाळची कोरी जागा. नियोजक बाईंनी तिथे किल्ल्यातली कमलबस्ती पाहण्याची सहल घातली होती. बस्ती पाहण्यासारखी आहे यात वाद नाही. रट्टांच्या काळात १२०४ साली उभे राहिलेले जैन मंदिर, आणि छताच्या मध्यावर पाकळ्या उलगडलेले दगडी कमळ. ज्यांना हौस होती ते गेलेही. बाकीच्यांना मी म्हटले, तुम्हाला आज काहीही काम नाही. त्याचा परिणाम असा झाला, की सकाळी नऊपासून आत्याच्या ओसरीवर एकेक जण येऊन बसू लागला. पुण्याचे व्याही आले. त्यांना बेळगावच्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची हौस. गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते इथे, हे त्यांनी आत्याला सांगितले. आत्याने शांतपणे सांगितले, की ते तिने चाळीस वर्षे इयत्ता सातवीला शिकवले आहे. मग तिने सांगली संस्थानच्या काळातल्या लग्नांच्या हकिकती सांगितल्या. मुलगी आणि जावई दाराच्या उंबऱ्याशी बसून ऐकत होते. कोणाच्याही कोष्टकात हा कार्यक्रम नव्हता.

दुपारी देवक उठवले. चौथा दिवस होता. आत्याने स्वतःच्या हाताने देवकाचे नारळ आणि सुपारी पुतण्याच्या सुनेच्या ओटीत घातली आणि विचारले, "आता तुमची गाडी किती वाजता?" रात्रीच्या गाडीने बडोद्याची मंडळी निघाली, संध्याकाळच्या बसने पुण्याची.

मी, वधूवर आणि साक्षीदार सोमवारपर्यंत थांबलो. विवाहनोंदणी जिथे लग्न झाले तिथल्या उपनिबंधकाकडे करून घेणे सोपे जाते, आणि शनिवार-रविवारी लग्न करणाऱ्यांनी ही सोमवारची जागा टिपणात धरून ठेवावी. कचेरी तुमच्यासाठी रविवारी उघडत नाही. लग्नपत्रिका, वयाचे दाखले, छायाचित्रे, साक्षीदारांच्या ओळखीचे कागद असे सगळे एका पाकिटात घरूनच घालून न्यावे. कचेरीतल्या कारकुनाने कागद पाहिले, मुलीचा पत्ता बडोद्याचा, मुलाचा पुण्याचा, आणि तोंड वर करून मराठीत विचारले, "मग लग्न इथे कसे?" मुलगी म्हणाली, "आमची आजी इथे असते." त्याने पत्रिकेवरचा घरचा पत्ता पुन्हा एकदा वाचला, खुर्ची मागे सारली आणि म्हणाला, "बाईंच्या घरचे का तुम्ही? मला सातवीला इतिहास त्यांनीच शिकवला."